व्हेनिसचा गल्ला आणि पॉलिसींचा क्रम: आठ महिने खेळल्यानंतर

मागच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकणं कठीण झालं, तेव्हा कूलरसमोर बसून 'सिव्हिलायझेशन ५' हा राज्य उभारण्याचा कॉम्प्युटर गेम पुन्हा सुरू केला. गेम २०१० चा, पण खेळायला मिळणारं व्हेनिस हे राज्य त्यात आलं २०१३ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' विस्तारासोबत. तेव्हापासून आठ महिने मी व्हेनिसच खेळतोय, आता बहुतेक वेळा 'एम्परर' या अवघड लेव्हलवर. व्हेनिसला सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारी तुकडी, बनवता येत नाही. घेतलेलं शहर पपेटच राहतं, म्हणजे आपलं असलं तरी त्याचा कारभार गेमच चालवतो, पण त्या पपेट शहरात रोख देऊन वाट्टेल ते विकत घेता येतं. आणि ट्रेड रूट, म्हणजे दुसऱ्या शहरांशी व्यापाराचे मार्ग, इतरांच्या दुप्पट. आमच्या घरचा नागपूरच्या इतवारीत धान्याचा ठोक व्यापार आहे, म्हणून असेल कदाचित, पण हे राज्य मला पहिल्याच डावात आपलं वाटलं.

पहिले दोन महिने मात्र पॉलिसींचा क्रम चुकत होता. पॉलिसी म्हणजे राज्याला कायमचे फायदे देणारी धोरणं, आणि ती कॉमर्स, ट्रॅडिशन अशा वेगवेगळ्या झाडांत मांडलेली असतात. व्यापारी राज्य म्हणजे कॉमर्स, असं धरून मी ते झाड उघडता क्षणी पूर्ण भरायचो. राजधानीत सोनं २५ टक्के जास्त, खुश्कीच्या प्रत्येक रूटवर २ जास्त, सगळं गोड दिसायचं. एका रविवारी काका मागे उभे राहून बघत होते. खजिन्यात चार हजारांवर सोनं होतं, आणि शेजारची दोन सिटी-स्टेट, म्हणजे एका शहराची छोटी स्वतंत्र राज्यं, नुकतीच दुसऱ्याच्या पारड्यात गेली होती. काका म्हणाले, "गल्ल्यात चार हजार पडून आहेत, अन् माल कुठी आहे बे तुझा?" गेम त्यांना माहीत नाही, पण दुकानाचा हिशेब त्यांना पाठ आहे. त्या दिवसापासून मी प्रत्येक पॉलिसीला एकच प्रश्न विचारतो: ही पैसा आणते, की आलेल्या पैशाला वजन देते? व्हेनिसकडे पैसा आपसूक येतो. कमी पडतं ते वजन.

म्हणून सुरुवात ट्रॅडिशनने, आणि ते पूर्ण. खरं शहर एकच असल्यामुळे राजधानीपुरत्या ज्या पॉलिसी आहेत त्यांचा पुरेपूर फायदा मिळतो. लँडेड एलिटने राजधानीचं अन्न वाढतं. मोनार्कीने राजधानीतल्या दर दोन नागरिकांमागे १ सोनं मिळतं आणि नाराजीही घटते. लिबर्टी या दुसऱ्या झाडाचा भर अनेक शहरं वसवण्यावर. ते पूर्ण केल्यावर एक ग्रेट पर्सन, म्हणजे खास ताकदीचं पात्र, फुकट मिळतो हे खरं, पण तेवढ्यासाठी मी तिकडे जात नाही. आणखी एक गोष्ट नव्या खेळाडूच्या लक्षात येत नाही: पपेट शहरांमुळे पुढच्या पॉलिसीची किंमत वाढत नाही. त्यामुळे इतर राज्यं पसरत जातात तशी त्यांची पॉलिसी महाग होत जाते, आपली मात्र वेळेवर येत राहते.

त्यानंतर पेट्रनेज, म्हणजे सिटी-स्टेटशी संबंध जोडण्याचं झाड, आणि माझ्या मते व्हेनिसचा जीव इथे आहे. कॉन्सुलेट्स घेतली की सगळ्या सिटी-स्टेटशी असलेल्या संबंधांचा, म्हणजे आपल्या प्रभावाच्या गुणांचा, तळ २० वर येतो. त्यात संरक्षणाचं वचन दिलं की आणखी १०. मैत्रीची रेघ बरोबर ३० वर आहे. म्हणजे एक छदाम न देता मैत्री कायम राहते, आणि ६० वर मित्रराष्ट्र व्हायला फक्त मधलं अंतर सोन्याने भरायचं असतं. फिलँथ्रॉपीने त्याच सोन्याचं वजन २५ टक्के वाढतं. पूर्वी जी सिटी-स्टेट टिकवताना माझा खजिना रिकामा व्हायचा, ती आता दोन-तीन हप्त्यांत सांभाळली जातात. मर्चंट कॉन्फेडरसीने त्यांच्याकडे जाणाऱ्या रूटवर २ सोनं जास्त मिळतं, तो वरचा नफा.

कॉमर्स मी आजही घेतो, पण मधल्या काळात आणि मर्कंटिलिझमपर्यंत पोचण्यासाठी. रोखीची खरेदी २५ टक्के स्वस्त होते. पपेट शहरात ग्रॅनरी घ्यायची, तिथेच मालवाहू जहाज घ्यायचं, आणि ते राजधानीला अन्न पाठवायला लावायचं. हा सगळा खटाटोप रोखीवर चालतो, म्हणून ही सवलत प्रत्येक वळणावर, म्हणजे खेळातल्या प्रत्येक पाळीत, कामी येते. नकाशा बेटांचा असेल तर एक्सप्लोरेशनमधली ट्रेझर फ्लीट्स समुद्री रूटवर ४ सोनं जास्त देते. जमिनीच्या नकाशावर ते झाड मी उघडतही नाही.

तक्रारीही आहेत. रूट ३० वळणांनी संपतो, आणि उत्तरार्धात डझनभर जहाजं एकेक करून पुन्हा रवाना करताना हात दुखतो. त्याहून मोठा धोका युद्धाचा. माझ्या एका डावात सात रूट एकाच श्रीमंत शेजाऱ्याकडे जात होते. त्याने युद्ध पुकारलं आणि सातही रूट त्याच वळणाला गेले, दर वळणाची मिळकत उणेत आली. तेव्हापासून निम्मे रूट तरी सिटी-स्टेटकडे ठेवतो.

मर्चंट ऑफ व्हेनिस, म्हणजे व्हेनिसचा खास व्यापारी, वापरतानाही हात आवरावा लागतो. ऑप्टिक्स हे तंत्रज्ञान शोधल्यावर पहिला फुकट मिळतो, आणि तो अख्खी सिटी-स्टेट विकत घेऊ शकतो. मोह होतोच. पण विकत घेतलेली प्रत्येक सिटी-स्टेट म्हणजे राजनैतिक विजय ठरवणाऱ्या शेवटच्या मतदानात मित्र सिटी-स्टेटमुळे मिळणारी मतं कमी. राजनैतिक विजय हवा असेल तर मी जास्तीत जास्त दोन घेतो, त्याही लवकर आणि बंदर असलेल्या. बाकीच्या मर्चंटना सिटी-स्टेटमध्ये ट्रेड मिशनला पाठवतो, सोनंही मिळतं आणि ३० चा प्रभावही.

शेवटी, उत्तरार्धात निवडायची विचारसरणी म्हणून फ्रीडम. तिच्यातल्या ट्रीटी ऑर्गनायझेशन या पॉलिसीने ज्या सिटी-स्टेटशी रूट चालू आहे तिच्याकडे दर वळणाला ४ प्रभाव वाढतो. निम्मे रूट तिकडे आधीच असल्यामुळे ही पॉलिसी घेतल्या वळणापासून कामाला लागते. कालच्या डावात ती घेतली तेव्हा अकरापैकी आठ सिटी-स्टेट माझ्या बाजूला होती. काका दुकान बंद करून आले, स्क्रीनवरचा खजिन्याचा आकडा पाहिला, दोनशेच्याही खाली होता, आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.