शेताचा झोन बदलतोय: हरकत, ग्रामसभा, एनजीटी की हायकोर्ट?

गोव्यात म्हापशाच्या आजूबाजूच्या एखाद्या गावात राहत असाल आणि राजपत्रात वाड्यालगतच्या भातशेतीचा सर्व्हे नंबर दिसला, शेतीच्या झोनमधून थेट सेटलमेंट, म्हणजे घरं बांधता येतील असा झोन, तर गावात लगेच सुरू होतं की कोर्टात जाऊया. राग येणारच, शुक्रवारच्या बाजारात येणारी गावठी भाजी, मयड्याची केळी ही याच गावांतून येतात, शेतं गेली की बाजारात बाहेरून ट्रकने आलेलाच माल उरेल. पण कुठल्या दारात आधी जायचं हे ठरवताना घाई नको.

आधी हरकत. झोन बदलण्याचं 39अ कलम 2024 मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात आलं, त्याखाली नोटीस निघाली की हरकतीला 30 दिवस मिळतात. खर्च जवळपास शून्य, वकील लागत नाही, एकटा माणूसही करू शकतो. लोक म्हणतात काय उपयोग, ते ठरवूनच बसलेत, आणि खरंय की नुसत्या हरकतीने झोन थांबेलच असं नाही. तरी माझं ठाम मत आहे की हे सोडायचं नाही, कारण उद्या कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न हाच येतो की वेळेत हरकत घेतली होती का. आणि "आम्हाला मेगा प्रोजेक्ट नको" एवढंच लिहून देऊ नका हो. शेत आज पिकतंय का, व्हाळ (ओढा) कुठून जातो, जुलैत पाणी कुठवर चढतं, रस्ता किती रुंद, उन्हाळ्यात विहिरी कधी आटतात, हे सगळं सर्व्हे नंबर घालून, पावसातले फोटो जोडून द्या आणि इनवर्डचा शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा.

ग्रामसभेचं वेगळं आहे. ठरावाने झोन थांबत नाही, तो निर्णय वर होतो. पण झोन बदलला म्हणजे लगेच घरं उभी राहतात असं नाही, पुढे सनद (शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी) लागते, नगरनियोजन खात्याचा टेक्निकल क्लिअरन्स लागतो आणि बांधकामाचं लायसन्स शेवटी पंचायतच देते, तेव्हा पंचांवर गावाचं लक्ष आहे हे त्यांना कळलेलं बरं. पंचायतीने लायसन्स नाकारलं तरी बिल्डर वर अपिलात जातो, हेही लक्षात ठेवा. लोकांच्या जोरावर काय होतं ते गोव्याने बघितलंय, 2006 च्या ऑगस्टमध्ये आलेला "प्रादेशिक आराखडा 2011", म्हणजे राज्यात कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा आराखडा, गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर 2007 च्या सुरुवातीला सरकारला मागे घ्यावा लागला. फक्त तेव्हा आराखडा अख्ख्या राज्याचा होता म्हणून सगळे एकदम उठले, आता एकेक सर्व्हे नंबर सुटा येतो, शेजारच्या वाड्यालाही पत्ता नसतो. म्हणून माझ्या मते ग्रामसभेचा खरा फायदा ठरावापेक्षा बातमी पसरण्यात आहे.

एनजीटी म्हणजे राष्ट्रीय हरित लवाद, पर्यावरणाचे खटले ऐकणारा. त्याबद्दल फार गैरसमज आहे. भरपाई मागायची नसेल तर फी 1000 रुपये, त्यामुळे स्वस्त वाटतं, पण ज्या कायद्यांचे खटले तिथे चालतात त्या यादीत नगरनियोजन कायदाच नाही, नुसता झोन बदलला म्हणून तिथे गेलात तर हात हलवत परत याल. खाजन (खाडीकाठची सखल, बांध घातलेली जमीन) बुजवतायत, जंगलातली झाडं तोडतायत, व्हाळात भराव टाकतायत किंवा 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी नाही, असं काही असेल तरच जा, आणि साधारण सहा महिन्यांच्या आत. मंजुरी मिळालेली असेल आणि तिच्याविरुद्ध अपील करायचं असेल तर मुदत फक्त 30 दिवस. पुण्याचं खंडपीठ आहे, तेही धरून चला.

हायकोर्ट सगळ्यात महाग आणि दमवणारं, पण झोनचा निर्णयच उलटवायचा तर शेवटी तिथेच. याच कायद्यातलं 17(2) हे झोन बदलायचं आणखी एक कलम 2023 मध्ये आराखड्यातल्या "चुकून झालेल्या चुका" दुरुस्त करायला म्हणून आणलं होतं, त्याखालचे नियम मार्च 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले, म्हणजे कोर्ट काहीच करत नाही असं म्हणता येत नाही. पण ती लढाई संस्थांनी मिळून लढली. एकट्या कुटुंबाने जाऊ नये असं मला वाटतं, आधीच कोणी याचिका घातलीय का बघा आणि तिच्यात सामील होता येतं का विचारा. जायचंच तर पाया खणायच्या आधी, इमारत उभी राहिली की कोर्टालाही ती पाडायला सांगणं जड जातं.

मग निवड काय? नोकरी सांभाळून दोनच गोष्टी जमणार असतील तर हरकत आणि ग्रामसभा. पाचदहा घरं पैसे काढायला तयार असतील तर हरकत आणि हायकोर्ट. खाजन किंवा पाणथळ जागा असेल तर हरकत आणि एनजीटी. हरकत तिन्हीकडे आहेच.

आणि या सगळ्याच्या आधी त्या सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा उतारा (जमिनीचा मालक आणि कूळ दाखवणारा) काढा. कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरता येत नाही असं 1991 चा कायदा सांगतो, उताऱ्यावर कुळाचं नाव असेल तर हरकतीत पहिला मुद्दा तोच लिहा.