संसद गप्प बसली तर? युद्धाच्या परवानगीचे चार नमुने

सीमेवर काही घडलं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘सरकारला मोकळा हात द्या’ आणि ‘संसदेला विश्वासात घ्या’. यंदा भाचीच्या कॉलेजात वादविवादाला नेमका हाच विषय आला आणि तिचा फोन आला, “मामा, कुठल्या बाजूने उभी राहू?” तिला जे सांगितलं तेच इथे जरा विस्ताराने. कुठल्या देशाच्या घटनेत काय लिहिलंय हे नंतर बघा. आधी एवढंच विचारा: संसदेने काहीच केलं नाही, तर सैन्य निघतं की छावणीत थांबतं?

कागदावर सगळ्यात कडक अमेरिका. युद्ध घोषित करण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सेनापतिपद राष्ट्राध्यक्षांचं. १७८७ च्या घटनासभेत मसुद्यातलं ‘युद्ध करणे’ बदलून ‘युद्ध घोषित करणे’ असं केलं गेलं, म्हणजे अचानक हल्ला झाला तर तो परतवायला राष्ट्राध्यक्ष मोकळे राहतील. त्या फटीतून पुढे अख्खा हत्ती गेला. शेवटची औपचारिक युद्धघोषणा जून १९४२ ची, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरियात ट्रूमननी काँग्रेसची मंजुरी घेतलीच नाही. व्हिएतनाम आणि इराकच्या वेळी घोषणा नव्हती, नुसते ठराव होते.

व्हिएतनामने पोळल्यावर काँग्रेसने १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून वॉर पॉवर्स रेझोल्यूशन आणलं. सैन्य लढाईत उतरवल्यावर ४८ तासांत कळवायचं, ६० दिवसांत मंजुरी नाही मिळाली तर माघार, त्यासाठी फार तर आणखी ३० दिवस. म्हणजे काँग्रेस गप्प बसली तर सैन्य परत. कल्पना चोख होती. पण १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्याच खटल्यात असा निकाल दिला, की राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय नुसत्या ठरावाने त्यांना बांधण्याची वाट बंद झाली. आता सैन्य परत आणण्याचा ठराव झाला तरी राष्ट्राध्यक्ष त्यावर नकाराधिकार वापरतात आणि तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. येमेनबाबत २०१९ मध्ये ट्रम्प यांनी हेच केलं.

एक दिवस जवळून बघण्यासारखा आहे. २८ एप्रिल १९९९. नाटोची विमानं महिनाभर युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकत होती. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने त्या एका दिवसात युद्धघोषणेचा ठराव ४२७ विरुद्ध २ ने फेटाळला, सैन्य माघारी आणण्याचाही फेटाळला, आणि हवाई हल्ल्यांना संमती देणारा ठराव २१३-२१३ असा बरोबरीत अडकून पडला. युद्ध नको, माघार नको, संमतीही नको! हल्ले चालूच राहिले, एकूण ७८ दिवस, म्हणजे ६० दिवसांची मुदत उलटून. काही सदस्य कोर्टात गेले, तर कोर्ट म्हणालं, तुम्हाला दावा लावण्याचा अधिकारच नाही. २०११ मध्ये लिबियाच्या वेळी ओबामा सरकारने युक्तिवाद केला, की जे चाललंय त्याला कायद्यातल्या अर्थाने ‘लढाई’ म्हणताच येत नाही. वकिली बुद्धीची कमाल म्हणायची.

जर्मनीत उलट. १९९४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं, की सशस्त्र सैन्य परदेशी पाठवायचं तर आधी बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या लोकसभेची, संमती हवी. २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. सरकारने अर्ज करायचा: कुठे, किती सैनिक, किती दिवस, खर्च किती. सभागृह हो म्हणतं किंवा नाही, मधलं काही नाही. फार घाई असेल तर आधी पाठवून मागाहून विचारता येतं, पण नकार आला तर परत बोलवावं लागतं. इथे कुणी काहीच केलं नाही तर सैन्य घरी. आणि कोर्ट खरंच लक्ष घालतं. २००३ मध्ये इराक युद्धाच्या सुमारास तुर्कस्तानवर टेहळणी विमानांत जर्मन सैनिक संमतीशिवाय होते. विरोधी पक्ष कोर्टात गेला आणि २००८ मध्ये जिंकला.

यात सरकारला चटकाही बसतो. नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तान मोहिमेसाठी आपलेच खासदार फुटताहेत हे बघून चॅन्सेलर श्रोडर यांनी संमतीच्या ठरावाला विश्वासदर्शक ठराव जोडला. लागत होती ३३४ मतं, मिळाली ३३६.

ब्रिटनचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे कायदा नाहीच, फक्त संकेत आहे. २००३ मध्ये इराकवर आधी मतदान झालं, २०१३ मध्ये सीरियावरच्या मतदानात पंतप्रधान कॅमेरून २८५ विरुद्ध २७२ ने हरले आणि हल्ला रद्द झाला. तेव्हा वाटलं, संकेत रुजला. २०१८ मध्ये थेरेसा मे यांनी मतदान न घेताच सीरियावर हल्ला केला. आवडला तर पाळायचा, अशी ही शिस्त.

आता आपलं. कलम ५३ नुसार सैन्यदलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे, प्रत्यक्षात निर्णय मंत्रिमंडळाचा. युद्धाआधी संसदेला विचारा, असं घटनेत कुठेही नाही. आणि याची बाजू पोकळ नाही. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरायचा निर्णय संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी आपल्या कचेरीत काही मिनिटांत घेतला आणि सूर्य मावळायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. तिथे मतदान कसलं घेता? पण १९८७ च्या श्रीलंकेचं तसं नव्हतं. तिथे आपल्यावर कुणी चालून आलं नव्हतं, सैन्य आपण पाठवलं, आणि हजाराहून अधिक जवान परतले नाहीत. या दोन गोष्टी एकाच तागडीत घालणं मला पटत नाही. पहिल्यासाठी मोकळा हात, दुसऱ्यासाठी जर्मन पद्धत, असं माझं मत.

‘कारगिलच्या वेळी लोकसभाच विसर्जित होती, मग परवानगी कुणाची घेणार?’ हा प्रश्न भाचीला प्रतिस्पर्धी नक्की विचारणार. त्याचं उत्तर आपल्याच घटनेत तयार आहे. कलम ३५२ ची आणीबाणी महिन्याभरात दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मंजूर केली नाही तर आपोआप संपते. लोकसभा नसेल तर राज्यसभेने मंजूर करायचं, आणि नवी लोकसभा बसल्यावर तिने ३० दिवसांत. गप्प बसणं म्हणजे नकार, हे आपण आणीबाणीसाठी आधीच मान्य केलंय. परदेशी मोहिमांना तोच साचा लावायला अडचण नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात विरोधकांनी निदान राज्यसभेचं अधिवेशन तरी घ्या म्हणून मागणी केली होती. ते काही बोलावलं गेलं नाही.

संसदेच्या परवानगीच्या विरोधात उभं राहायचं असेल तर मात्र वेगाचा मुद्दा सोडून द्या, तो जर्मनांनी सोडवलाय. खरा मुद्दा व्हीपचा, म्हणजे मत कसं द्यायचं या पक्षाच्या आदेशाचा. २००३ मध्ये इराकवर ब्लेअर यांच्याच पक्षाचे १३९ खासदार सरकारविरुद्ध गेले आणि दुसऱ्या दिवशीही खासदारच राहिले. आपल्याकडे दहाव्या परिशिष्टामुळे व्हीप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. ऑपरेशन सिंदूरवर लोकसभेत चर्चा झाली ती मे महिन्यात नाही, जुलैअखेर, पावसाळी अधिवेशनात. समजा ती मेमध्येच झाली असती आणि शेवटी मतदानही झालं असतं, तर आकडे काय आले असते हे आदल्या रात्रीच सांगता आलं असतं.