क्लेमचा पैसा आला, पण खात्याला मोबाईल नंबर त्याचा

आमच्या घरच्यांना ज्या माणसाने फसवलं, तो खोटं फार थोडं बोलला. म्हणून हे सविस्तर लिहितोय. दवाखान्यात येऊन गोड बोलणारा सगळंच खोटं बोलत असता, तर दोन दिवसांत कळलं असतं. या माणसाने कायदा बरोबर सांगितला, मुदत बरोबर सांगितली, कागद कोणते लागतात तेही बरोबर सांगितलं. गडबड त्याने एकाच जागी केली आणि पैसा तिथूनच गेला.

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे सुरतला असतात. मेहुणे उधन्याला लूमवर कामाला. पारोळा-अमळनेरकडचं ज्याच्या घरचं कोणी सुरतेला नाही असं घर शोधावं लागेल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी यायचं म्हणून ते दोघं आणि लहानगी भाची रात्रीच्या खासगी ट्रॅव्हल्सने निघाले आणि कोंडाईबारी घाटात गाडी उलटली. मेहुण्यांची मांडी मोडली, आत सळई टाकली. बहिणीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, भाचीच्या कपाळाला टाके पडले. ऑपरेशनसाठी बहिणीची पोत गहाण पडली. जीव वाचले, एवढं पुरे.

एफआयआरची नक्कल आमच्या हाती येण्याआधी त्या माणसाच्या फायलीत होती. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, बोलणं अस्सल अहिराणी. “ताई, एक रुपया देवाना नही. तुमनं काम व्हई जाई.” आपल्या बोलीत कोणी असं बोललं की निम्मी शंका तिथेच मिटते. मी वकील साहेबांचा माणूस, म्हणाला. अपघातापासून सहा महिन्यांत दावा टाकला नाही तर हक्क जातो, म्हणाला. ही मुदत खरी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालच्या दाव्यांना ती १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाली. मात्र तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नुसती मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका, असं त्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंय. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो हेही खरं. आणि तो अपघात झाला तिथेच टाकावा असं नाही, हेही खरं. आपण राहतो तिथे टाकता येतो, किंवा गाडीमालक, विमा कंपनी यांच्या ठिकाणीही. या सोयीचा फायदा घेऊन त्याने आमचा दावा भलत्याच जिल्ह्यात टाकला. “तिकडे निकाल लवकर लागतो.” जळगावला टाकला असता तर आम्ही अधूनमधून कोर्टात डोकावलो असतो. तिकडे कोण जाणार?

फी निकालानंतर, मिळेल त्याच्या तीस टक्के. हा मात्र सरळ नियमभंग. भरपाईतला वाटा ही फी म्हणून ठरवायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि पेशंटच्या खाटेपाशी माणूस पाठवून केस मिळवायलाही. या दोन गोष्टी ज्याला माहीत आहेत त्याला तिथल्या तिथे ‘नको’ म्हणता येतं. पुढे ‘पोलिसांकडून कागद काढायला’ म्हणून तो वरचेवर पैसे नेत राहिला. २०२२ च्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो त्यांच्या कामाचाच भाग. त्यासाठी कोणाला मध्ये पैसे द्यायचे कारण नाही.

आता मुख्य गोष्ट. “क्लेमसाठी वेगळं खातं लागतं,” असं सांगून तो मेहुण्यांना एका बँकेच्या शाखेत घेऊन गेला. कुबडी बगलेत, एका हाताने सही. फॉर्म त्याने आधीच भरून आणला होता. नाव मेहुण्यांचं, आधार मेहुण्यांचं, पत्ता गावचा. मोबाईल नंबराच्या रकान्यातले दहा आकडे मात्र आमच्या घरातल्या कोणाच्याच फोनचे नव्हते. पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक “फायलीला लावतो” म्हणून त्याने ठेवून घेतलं. चेकवर सह्याही घेतल्या, वकालतनाम्याच्या गठ्ठ्यातच. भरपाई दुसऱ्या कोणाच्या हाती न पडता थेट दावेदाराच्या खात्यात जावी, असं सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये बजावलंय. चांगलंच आहे. पण आमचाही पैसा थेट मेहुण्यांच्याच खात्यात आला होता. मेसेज त्याच्या मोबाईलवर गेला, एवढंच.

मध्ये त्याने अपंगत्वाचा दाखला आणला, साठ टक्क्यांचा, कोण्या खासगी डॉक्टरचा. मेहुण्यांना त्या डॉक्टरने पाहिलेलंही नव्हतं. हा दाखला सरकारी वैद्यकीय मंडळाकडून घेतात, अर्ज ऑनलाइन होतो. शिवाय न्यायाधिकरण नुसते टक्के पाहत नाही, कमाई किती घटली ते पाहतं. दिवसभर उभं राहून लूम चालवणाऱ्याचा पाय गेला तर त्याचा अर्थ बैठं काम करणाऱ्यापेक्षा वेगळा. आमची बाजू इथे भक्कम होती, फुगवायची गरजच नव्हती. विमा कंपनीच्या वकिलाने त्या डॉक्टरला उलटतपासणीला बोलावण्याचा अर्ज दिला आणि आमच्या माणसाला एकदम लोकअदालतीची घाई झाली.

लोकअदालतीच्या दिवशी मेहुण्यांना गाडीत घालून नेलं. “साहेब विचारतील मान्य आहे का, तुम्ही हो म्हणा.” पुरसिस, म्हणजे तडजोड मान्य असल्याचा कोर्टात द्यायचा लेखी कागद, इंग्रजीत होती. मेहुण्यांनी सही केली, विचारल्यावर मान हलवली. आकडा किती ते बाहेर आल्यावरही कळलं नाही. काही दिवसांनी त्याने नव्वद हजार रुपये आणून दिले. “कंपनीचा पहिला हप्ता. केस चालू आहे.” विमा कंपनी भरपाईचे हप्ते अशी घरी रोख आणून देत नाही, हे एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो.

कळलं ते गावातल्या लॉ करणाऱ्या एका मुलामुळे. त्याने मोबाईलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप उघडलं, मेहुण्यांचं नाव आणि साल टाकलं. केस ‘निकाली’. नक्कल काढली तर तडजोड चार लाख ऐंशी हजारांची. मग बँकेत जाऊन स्टेटमेंट घेतलं. रक्कम जमा झाल्यावर आठवड्याच्या आत सह्या केलेल्या चेकांवर आणि एटीएममधून खातं रिकामं. माझ्या बहिणीने ते स्टेटमेंट खालून वर वाचलं, शिल्लक रकमेपासून.

प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा एक सीएनआर नंबर असतो. तो मागा. दिला नाही तर नावावरून शोधा. तारीख, काय झालं, पुढे काय, सगळं फुकट दिसतं. माणूस म्हणतो ‘चालू आहे’ आणि अ‍ॅप म्हणतं ‘निकाली’, तर अ‍ॅपवर विश्वास ठेवा.

दावेदाराचं आधीपासूनचं, स्वतःच्या मोबाईलला जोडलेलं खातं चालतं. नवं लागलंच तर घरचा शिकलेला कोणी तरी सोबत जावा आणि नंबराच्या रकान्यावर बोट ठेवून वाचावं. कोऱ्या चेकवर सही कुठल्याच दाव्याला लागत नाही.

वकील परवडत नाही म्हणून असल्या माणसाच्या नादी लागायची वेळ येते, हे मला मान्य आहे. पण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे मोफत वकील मिळतो. बाईमाणसाला तर उत्पन्नाची अटही नाही, म्हणजे माझ्या बहिणीला पहिल्या दिवसापासून मिळाला असता. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येतं.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. फसवून सही घेतली असं म्हणत उच्च न्यायालयात रिट याचिका करायची तर आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी ती छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, आणि त्याचा खर्च वेगळा. आम्ही सध्या पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिलीय, बार कौन्सिलकडे वकिलाची वेगळी तक्रार केलीय. वकील म्हणतो, तो माणूस माझा नाहीच. वकालतनाम्यावर सही मात्र त्याची आहे. बँकेकडे खातं उघडण्याच्या मूळ फॉर्मची प्रत लेखी मागितली, ती आली, आणि त्यातल्या मोबाईल नंबरावरून पोलिसांनी त्या माणसाला एकदा बोलावूनही घेतलं. मूळ बिलं अजून त्याच्याकडेच आहेत. दवाखान्याकडून दुसऱ्या प्रती मिळवायला अर्ज केलाय. ज्यांचा दावा अजून टाकायचा आहे त्यांनी मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे कोणालाही देण्याआधी झेरॉक्स काढून घरी ठेवा, आणि मूळ कागद दिले तर घेणाऱ्याची सही असलेली पावती घ्या.