घरचं शूटिंग एचडी डिस्कवर: डीव्हीडी, ब्लू-रे की नुसती डेटा डिस्क?

कॅमेऱ्यातलं घरचं शूटिंग डिस्कवर घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर शोधायला लागतात. त्याआधी एक गोष्ट पक्की करा: डिस्क टीव्हीवर बघायला हवी आहे, की मूळ चित्रण जपून ठेवायला? ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच डिस्कवर दोन्ही भागवायला गेलं की नुकसान बहुतेक वेळा मूळ चित्रणाचं होतं.

साधी डीव्हीडी-व्हिडिओ आधीच बाजूला ठेवू. तिचं चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ पिक्सेलचं असतं. म्हणजे १९२० बाय १०८० मधल्या दर पाच पिक्सेलमागे चार गेले. एचडी कॅमेरा वापरून शेवटी हेच हाती येणार असेल तर मेहनत वाया.

डीव्हीडीवर एव्हीसीएचडी

सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ साली आणलेला एव्हीसीएचडी हा फॉरमॅट साध्या कोऱ्या डीव्हीडीवरही लिहिता येतो आणि त्याला जुना डीव्हीडी रायटर पुरतो. चित्र खरोखर एचडी दिसतं. मात्र डीव्हीडीवर वेगाची मर्यादा सेकंदाला १८ मेगाबिटची आहे, त्यामुळे ४.७ जीबीत जेमतेम ३५ मिनिटं मावतात. तुमच्या कॅमेऱ्याने २४ मेगाबिटला रेकॉर्ड केलं असेल तर चित्रण पुन्हा एन्कोड करावं लागतं, म्हणजे नव्याने दाबून लहान करावं लागतं, आणि थोडा दर्जा तिथेच जातो. शिवाय ही डिस्क दिसायला डीव्हीडी असली तरी साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही. एव्हीसीएचडी वाचणारा ब्लू-रे प्लेअरच लागतो. छोट्या समारंभाची एखादी डिस्क कुणाला द्यायची असेल तर ठीक, वर्षांचा साठा यावर लावू नये.

ब्लू-रे व्हिडिओ

इथे ब्लू-रे रायटर हवा. एका थराच्या डिस्कवर २५ जीबी मावतात, म्हणजे २४ मेगाबिटचं चित्रण सव्वादोन तासांच्या आसपास. मूळ चित्रण १०८०आय असेल (१०८० ओळी, पण इंटरलेस, म्हणजे एका वेळी एकाआड एक अशा निम्म्याच ओळी) तर टीएसमक्सरसारखं मोफत साधन ते पुन्हा एन्कोड न करता ब्लू-रेच्या रचनेत बसवून देतं. तास न् तास थांबावं लागत नाही आणि दर्जाही जसाच्या तसा राहतो. मग इमेजबर्नने डिस्क लिहायची. मेन्यू, चित्रांची बटणं वगैरे हवं असेल तर टीएमपीजेन्क ऑथरिंग वर्क्ससारखं विकतचं सॉफ्टवेअर बघा. मला स्वतःला मेन्यूपेक्षा नीट पाडलेले चॅप्टर जास्त मोलाचे वाटतात.

खरी अडचण फ्रेमच्या वेगाची आहे आणि इथेच पुष्कळांची निराशा होते. २०११ पासूनचे बरेच कॅमेरे १०८० ओळींत सेकंदाला ५० किंवा ६० पूर्ण फ्रेम घेतात. ब्लू-रेच्या नियमांत ते बसत नाही: १०८० ओळींना २४ पूर्ण फ्रेम किंवा इंटरलेस, आणि ५० किंवा ६० पूर्ण फ्रेम फक्त ७२० ओळींना. म्हणून सॉफ्टवेअर काहीतरी कापतं, आणि पुष्कळदा निम्म्या फ्रेम मुकाट्याने टाकून देतं. पळणारं मूल, उडालेला चेंडू, झोक्यावरची मुलगी अशा दृश्यांत हालचाल लगेच तुटक दिसायला लागते. धावपळीच्या चित्रणाला मी ७२०पी (७२० ओळी, पूर्ण फ्रेम) निवडेन, कारण सगळ्या फ्रेम टिकतात. शांत, एका जागी बसलेल्या चित्रणाला १०८०आय चांगलं.

मोबाइलच्या चित्रणात आणखी दोन अडथळे येतात. ते बऱ्याचदा एचईव्हीसी या नव्या एन्कोडिंग पद्धतीत असतं, जे साध्या ब्लू-रेला चालत नाही. आणि फ्रेमचा वेग मध्येच कमीजास्त होतो, त्यामुळे आवाज हळूहळू ओठांच्या मागेपुढे सरकतो. आधी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एकसारखा फ्रेमवेग निवडून रूपांतर करा, मग पुढचं. फोर-के तर इथे १०८० वर उतरणारच.

डेटा डिस्क

तोच रायटर, तीच कोरी ब्लू-रे, पण फाइली जशाच्या तशा. फोर-के, ६० फ्रेम, एचईव्हीसी, काहीही चालतं, कारण ही फक्त नक्कल आहे. टीव्हीखालच्या प्लेअरने ती वाचली तर वाचली; संगणकावर नक्की उघडते. एकच डिस्क करणार असाल तर हीच करा. हिच्यावरून बघायची ब्लू-रे केव्हाही बनवता येते. पुन्हा एन्कोड केलेल्या ब्लू-रेवरून मूळ चित्रण परत मिळत नाही.

एव्हीसीएचडी कॅमेऱ्याचं कार्ड उघडलं की प्रायव्हेट, त्यात एव्हीसीएचडी, त्यात बीडीएमव्ही, त्यात स्ट्रीम अशी फोल्डरं लागतात आणि शेवटी ००००० पासून क्रमांक दिलेल्या एमटीएस फाइली. मोह होतो तेवढ्याच उचलण्याचा. पण लांब शूटिंग चालू असताना ठरावीक आकार झाला की कॅमेरा पुढची फाइल सुरू करतो. कुठला तुकडा कशाला जोडून आहे याची नोंद शेजारच्या प्लेलिस्ट आणि क्लिपइन्फ फोल्डरांत असते. ती मागे राहिली की जोडावर आवाज क्षणभर तुटू शकतो. म्हणून अख्खं प्रायव्हेट फोल्डर घ्या आणि बाहेरच्या फोल्डरला तारीख व प्रसंगाचं नाव द्या.

हार्ड डिस्कवरही एक प्रत असू द्या, शोधायला तीच सोयीची. मात्र तिच्यावरची फाइल चुकून पुसली जाते किंवा व्हायरस ती बिघडवतो. एकदाच लिहिता येणाऱ्या बीडी-आरवर ते होत नाही.

कोरी डिस्क घेताना वेष्टनावर एलटीएच लिहिलं असेल तर टाळा. तिचा थर सेंद्रिय रंगाचा असतो, आणि टिकायला असेंद्रिय थराच्या नेहमीच्या बीडी-आर बऱ्या. जास्त टिकाऊ म्हणून एम-डिस्कही मिळते. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं, तेव्हा चांगल्या मिळाल्या की थोड्या जास्त घ्या. ५० आणि १०० जीबीच्याही असतात, पण एक खराब झाली तर तेवढं जास्त जातं. मी २५ चीच घेईन.

लिहिताना ४एक्स वेग पुरे, २५ जीबीला २३-२४ मिनिटं लागतात. इमेजबर्नमधली व्हेरिफायची (लिहिलेलं तपासून बघण्याची) खूण काढू नका. लिहून झाल्यावर डिस्क शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून शेवटची फाइल शेवटपर्यंत चालवून बघा, आणि मगच कार्ड फॉरमॅट करा.