पाचशे रुपये, वीस मिनिटं आणि नवीन गाणी

भाचीला ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये पहिली नोकरी लागली. पहिला पगार झाल्यावर नौपाड्यात आमच्याकडे जेवायला आली आणि पोळी मोडता मोडता म्हणाली, "मावशी, गाण्यांवर महिन्याला पाचशे रुपये घालायचे ठरवलंय. कशात घालू?" फिल्मी नकोत, रील्सवर वाजून वाजून चोथा झालेली नकोत, इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय कलाकारांनी स्वतंत्रपणे केलेली, हवीत. आणि एखादं सापडलं तर ऑफिसातल्या दोघीतिघींच्या गळ्यात मारता आलं पाहिजे. ऐकायला वेळ म्हणाल तर ट्रान्सहार्बर लोकलने कोपरखैरणे ते ठाणे, वीसेक मिनिटं. म्हणजे साधारण एक ईपी, चारपाच गाण्यांचा छोटा अल्बम.

तिच्या मनात स्पॉटिफायचं प्रीमियम होतं. मी म्हटलं, थांब जरा.

स्पॉटिफायची 'डिस्कव्हर वीकली' ही यादी २०१५ पासून आहे. दर सोमवारी तीस गाणी. लोक आपापल्या प्लेलिस्टमध्ये कोणती गाणी शेजारीशेजारी ठेवतात हे ते यंत्र बघतं आणि तुझ्यासारखं ऐकणाऱ्यांच्या ताटात आहे पण तुझ्या ताटात नाही, ते तुला वाढतं. शुक्रवारी 'रिलीज रडार' येतं, त्यात ओळखीच्या कलाकारांचं ताजं काम. सोय उत्तम. पण जावयाला श्रीखंड आवडलं म्हणून दर खेपेला श्रीखंडच, तसा प्रकार होतो. मंद गिटार आणि दबक्या आवाजातली चार गाणी ऐकलीस की पुढचे सहा सोमवार तीच गिटार, तोच दबका आवाज.

शिवाय त्या वाढपात थोडा व्यवहारही आहे. 'डिस्कव्हरी मोड' नावाची सोय २०२० मध्ये आली. त्यात कलाकार किंवा त्याचं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, कमी मानधन कबूल करतं आणि त्या बदल्यात रेडिओ, ऑटोप्ले अशा ठिकाणी त्या गाण्याला जरा पुढे सरकवलं जातं. गाणं वाईट असतं असं नाही. पण 'तुमच्यासाठी' या शब्दात आणखी कुणीतरी बसलेलं असतं, एवढं लक्षात असू द्यावं.

खरी मेख पुढेच आहे. डिस्कव्हर वीकली फुकटच्या खात्यावरही मिळते. प्रीमियमचे पैसे जातात ते जाहिराती घालवायला आणि गाणी उतरवून ठेवायला. नवीन गाणी सापडण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. भाचीला हे पटायला दुसरी वाटी आमटी लागली.

बँडकॅम्पची तऱ्हा उलटी. थेट कलाकारांची गाणी विकणारी २००८ सालची ही साइट तुमची आवड फारशी शिकत बसत नाही, तुम्हीच उचकत बसायचं. शहराचा टॅग, प्रकाराचा टॅग, मग कव्हर बघून दाबायचं. रद्दीवाल्याकडे जुने दिवाळी अंक चाळतो तसं. दहातले सात टाकाऊ निघतात, दोन बरे, आणि एखादा असा की रबाळे कधी गेलं कळत नाही. मला स्वतःला हे जास्त आवडतं, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं थोडं चाळून घ्या. बहुतेक अल्बम पूर्ण ऐकता येतात, फार वेळा ऐकलंत की साइट "आता विकत घ्या की" असं सुचवते. घेतलं की फाइल तुमची. वर्गणी थांबली म्हणून गाणं जात नाही, नेट गेलं तरी वाजतं.

पैशाच्या बाबतीत तर दोन टोकं आहेत. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवतं, पेमेंटचा खर्च वेगळा, उरलेलं कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे. मार्च २०२० पासून अधूनमधून 'बँडकॅम्प फ्रायडे' असतो, त्या दिवशी आपला वाटाही सोडतं. स्पॉटिफायवर एका ऐकण्याला ठरलेला दर नसतो. सगळ्यांच्या पैशाचा एक गल्ला, आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका हिस्सा तितकं त्याला. त्यात २०२४ पासून नियम आला की आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला काहीच नाही. भाची ज्यांच्या शोधात आहे, ते नेमके या हजाराच्या अलीकडचे.

पाचशेत एखादा अल्बम बसतो. किंमत बहुतेक वेळा परदेशी चलनात, त्यामुळे कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावे लागतात आणि बँक वरून दोनतीन टक्के लावते. मी पहिल्यांदा हे विसरले. तीनदा नकार आला तेव्हा वाटलं कार्डच गेलं.

मराठीसाठी मात्र बँडकॅम्पवर जाऊ नका, हात हलवत परत याल. तिथे यूट्यूबच. अभंग रिपोस्ट या बँडची अभंगांची नवी मांडणी असो, स्वदेसी या हिप-हॉप गटातल्या एमसी मवालीचं मराठी रॅप असो, की २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या 'तांबडी चामडी' या गाण्याने उडवलेला धुरळा असो, मराठीची वर्दळ तिथेच. फक्त ऑटोप्ले बंद ठेवा. तिसऱ्या गाण्याला ते हमखास लग्नाच्या वरातीत नेऊन सोडतं.

आणि यंत्रच नको असेल तर सिअ‍ॅटलचं केईएक्सपी हे रेडिओ स्टेशन. नेटवर फुकट, गाणी निवडणारी माणसं, आत्ता काय वाजतंय ते साइटवर लिहिलेलं. तिथले सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, त्यांच्या हिवाळ्यात साडेआठ. ठाण्याला दहा नंबरवर गाडीची वाट बघत उभं असताना तिकडचा निवेदक ताज्या आवाजात सकाळ सुरू करतो, याची गंमत मला अजून वाटते.

राहिली प्रत्यक्ष मैफल. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये तीन रात्री वाजवून गेले, पण शंभर-दीडशे माणसांसमोर वाजणारा बँड ऐकायचा तर आपल्याला अजून लोअर परळ नाहीतर खार गाठावं लागतं. तिकीट परवडतं, परतीचं काय? गिग, म्हणजे अशी छोटी मैफल, आठला म्हणतात आणि मुख्य बँड साडेनऊ-दहाशिवाय चढत नाही. ठाण्यापर्यंत लोकल मिळते, पण पुढे कोपरखैरण्याची गाडी हुकली की रिक्षावाल्याच्या मर्जीवर. तरीही मी याच खर्चाच्या बाजूने आहे, आणि कारण मुख्य बँड नाही. त्याच्या आधी, लोक अजून दारात रेंगाळत असताना, कुणीतरी अर्धा तास वाजवतं. माझ्या आवडीची तीन नावं मला त्या अर्ध्या तासात मिळालीत. म्हणून वेळेवर जायचं.

आता गळ्यात मारण्याचं. स्पॉटिफायची लिंक पाठवली आणि समोरच्याकडे खातं नसलं तर ॲप घे, लॉगिन कर, यातच उत्साह मावळतो. बँडकॅम्पची ब्राउझरमध्ये खात्याशिवाय उघडते. यूट्यूबची आईच्या फोनवरही चालते आणि गाण्यातल्या नेमक्या क्षणापासूनची लिंक देता येते. बाकी प्लेलिस्ट पाठवू नये. चाळीस गाण्यांची यादी कुणी ऐकत नाही, हृदयाचं चिन्ह टाकून मोकळे होतात. एकच गाणं आणि एक ओळ: "१:४२ ला ढोलकी येते, तिथपर्यंत थांब."

शेवटी ठरलं ते असं: स्पॉटिफाय फुकटचंच, दोन महिने बँडकॅम्पवर एकेक अल्बम, तिसऱ्या महिन्याचे पाचशे गिगला. आणि त्या रात्री कोपरखैरण्याला जायचं नाही, ठाण्यालाच उतरायचं. आतल्या खोलीत गादी घातलेली असेल, किल्ली शेजारच्या काकूंकडे. त्या एकपर्यंत जाग्याच असतात.