गावभागातल्या माडीवर कार्बन डायऑक्साइड मीटर: आठ महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या गावभागात मी पाचवी ते आठवीच्या मुलांचा क्लास घेते. 2019 च्या महापुरात खालच्या खोलीत पाणी आलं, तेव्हापासून क्लास माडीवर भरतो. खोली बारा बाय चौदाची, मुलं चौदा, समोरासमोर दोन खिडक्या. जानेवारी 2022 च्या सुरुवातीला एक मुलगी दोन दिवस नाक पुसत बसली होती. आठवड्याभरात सहा घरांत ताप पोचला आणि एका मुलाच्या आजीला दवाखान्यात ठेवावं लागलं. आजी बऱ्या होऊन घरी आल्या. पण त्या दोन्ही दिवशी थंडी वाजते म्हणून खिडक्या मीच लावून घेतल्या होत्या, हे अजून मनातून जात नाही.

गेल्या जूनमध्ये हा मीटर घेतला. साडेचार हजार रुपये पडले. आधी बाराशेचा एक घेतला होता, तो सरळ पैसे वाया. कुणी सॅनिटायझर हाताला लावलं की आकडा हजारावर जायचा, कारण तो कार्बन डायऑक्साइड मोजतच नव्हता, हवेतल्या इतर वाफांवरून अंदाज बांधत होता. घेताना ‘एनडीआयआर’ सेन्सर, म्हणजे अवरक्त प्रकाशानं थेट कार्बन डायऑक्साइडच मोजणारा, आहे का, एवढं बघाच.

हा मीटर विषाणू मोजत नाही. मोजतो ते दुसऱ्यांनी सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय ते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे 420 भाग असतो, आपल्या उच्छ्वासात मात्र सुमारे 4 टक्के. कोरोनाबाधित माणूस नुसता बोलला तरी बारीक कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. म्हणून साठलेला श्वास मोजायचा.

जुलैतल्या एका पावसाळी दिवशी खिडक्या बंद होत्या. चाळीस मिनिटांत आकडा 2040 वर गेला. फळ्यावर हिशोब मांडला: पंचविसातला एक श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून आलेला. मुलं गप्प झाली. मग दोन्ही खिडक्या उघडल्या, पंधरा मिनिटांत 800. नुसता पंखा फिरवून काही फरक पडत नाही, तो आतलीच हवा ढवळतो. एसीचंही बहुतेक तसंच. आमच्याकडे आता 1000 दिसला की शिकवणं थांबवून खिडकी उघडायची.

सातवीतल्या एकानं विचारलं, “बाई, कोरोना तर गेला ना?” जागतिक आरोग्य संघटनेनं 5 मे 2023 ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, विषाणू संपल्याचं नाही, हे त्याला सांगितलं. आणि कोरोना हे एका विषाणूचं नाव नाही, अख्खं घराणं आहे. त्यातले चार तर साधी सर्दी देत आपल्यात कायमचे फिरतात. 2002-03 चा सार्स, 2012 चा मर्स आणि 2019 च्या अखेरीस वुहानमध्ये सापडलेला कोविडचा विषाणू हे त्याच घराण्यातले.

मीटरच्या मर्यादाही आहेत. शिंकणारं मूल शेजारीच बसलं असेल तर हिरव्या दिव्याचा काही उपयोग नाही. मास्कमुळे धोका कमी होतो, पण आकडा तेवढाच राहतो. त्यामुळे ताप-खोकला असेल त्या मुलानं घरीच थांबायचं आणि वही मी पोचवायची, असं पालकांशी ठरवून घेतलंय. डबा उघडण्याआधी साबणानं वीस सेकंद हात धुणं चालूच आहे. या विषाणूचं वरचं आवरण स्निग्ध असतं, साबण ते फोडतो.

वापरताना दोन त्रास. महिन्यातून एकदा मीटर गच्चीवर मोकळ्या हवेत ठेवून जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर आकडा सरकतो. आणि बॅटरी सहा तासांच्या वर टिकत नाही, म्हणून मी तो चार्जरला लावूनच ठेवते. ठेवायचा मात्र खिडकीपासून आणि मुलांच्या तोंडापासून लांब. माझा फळ्याशेजारच्या कोनाड्यात असतो.

नदी जवळ असल्यानं संध्याकाळी डास फार, म्हणून दोन्ही खिडक्यांना जाळी बसवून घेतली. जाळीमुळे वारा थोडा अडतो आणि आकडा साधारण शंभरानं जास्त दिसतो. तेवढा मला चालतो.