दिवसाआड वर्ग की दोन सत्रे?

महाराष्ट्रात जुलै 2021 मध्ये कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले, तेव्हा एका बाकावर एक विद्यार्थी आणि वर्गात 15 ते 20 मुले अशी अट होती. 40 च्या पटाचे दोन गट करणे भागच होते. प्रश्न एवढाच, की गट दिवसाआड बोलवायचे की रोज सकाळ-दुपार?

शिकवण्याचे तास: आठवड्याचे सहा दिवस, रोज पाच तास धरले तर दिवसाआड प्रत्येक मुलाला 15 तास मिळतात. तीन-तीन तासांच्या दोन सत्रांत 18. शिवाय रोजची सवय टिकते, म्हणून लहान वर्गांना सत्रेच बरी.

पण शिक्षकाचे तास 30 वरून 36 होतात. मधल्या तासाभरात बाक पुसणे आणि खोली मोकळी ठेवणेही त्याच्याच गळ्यात. एकशिक्षकी शाळेत हे निभत नाही.

वाहतूक: एसटीच्या वेळा दुपारच्या सत्राशी जुळल्या नाहीत, तर मुली आधी गळतात.

दिवसाआड पद्धत फसते ती गट पाडताना. सम-विषम हजेरी क्रमांक लावले की भावंडे वेगवेगळ्या दिवशी येतात आणि एका घरातून दोन्ही गटांत संसर्ग पोचतो. गट वाडीनुसार पाडा. वारही ठरवू नका: सोमवारी सुट्टी आली की ठरावीक गटच बुडतो. पाळी पुढे सरकवा.

चालत येणारी मुले आणि पुरेसे शिक्षक असतील तिथे दोन सत्रे, लांबून येणाऱ्या माध्यमिकच्या मुलांसाठी दिवसाआड.